बारगिराची दुपार

उन्हाळ्यातील अंकात वाळवणांविषयी लिहिताना एक वाक्य सहज लिहून गेले होते : पापडांची एक खेप वाळेपर्यंत एका घोड्याची आयाळ रंगवून होते. त्यावर अनेक भगिनींनी विचारणा केली, की हे घोडे कोणते, आणि वाळवणाच्या दिवसांत ते रंगविण्याची उसंत कोणत्या गृहिणीला मिळते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर घरातही कधी न उच्चारलेली एक गोष्ट सांगावी लागते, म्हणून दोन अंक टाळाटाळ केली. दिवाळी आता तोंडावर आली आहे. तेव्हा सांगूनच टाकते.

घोडे मातीचे आहेत. मुलगा दुसरीत असताना त्याने परसात दिवाळीचा पहिला किल्ला केला. त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतील कुंभारवाड्यातून पाच घोडेस्वार आणले. प्रत्येक स्वार घोड्यासकट जेमतेम चार बोटे उंच. साचा सुबक होता, रंग मात्र घाईचा होता. त्यात कुणाचा दोष नाही; सणाच्या तोंडावर शेकड्यांनी नग रंगवणाऱ्या हाताने एकेका डोळ्यासाठी किती वेळ द्यावा? दुसऱ्या पहाटे दव पडले आणि स्वारांच्या पागोट्यांचा लाल रंग घोड्यांच्या मानेवर ओघळला. "याला लागलंय का गं?" असे मुलाने विचारले. आमच्या घरात हा प्रश्न तसाच सोडून देण्याजोगा नव्हता. त्या दुपारी मी ओल्या फडक्याने पाचही घोडे पुसले आणि त्याच्याच शाळेच्या रंगपेटीने पुन्हा रंगवले. फार वाईट रंगवले. पुढच्या वर्षी मागणी करून कोरे, न रंगवलेले घोडेस्वार आणले, आणि तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन अशी भर पडत गेली. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. आज माझ्या खोलीतील लोखंडी ट्रंकेवर तेवीस स्वार उभे आहेत.

मुलगा यंदा शिक्षणासाठी बंगळुरूला गेला. परसात किल्ला होणार नाही. घोडे मात्र थांबलेले नाहीत, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. मूल लहान असताना आई घोडे रंगवते ती मुलासाठी. त्यात कुणालाही वावगे दिसत नाही. मूल मोठे झाले की त्याच कामाला कारण द्यावे लागते. दुसऱ्या कुणी विचारण्याआधी आपणच आपल्याला ते विचारू लागतो.

वेळेचा हिशेब आधी मांडते, कारण आपल्या घरांत हिशेबावाचून कोणतीही गोष्ट पटत नाही. खाली धान्याचे दुकान आणि वर घर, अशी आमची रचना. पहाटे पाणी गाळणे आणि उकळणे, देवदर्शन, नाश्ता, मग दुकानातील मंडळी पाळीपाळीने वर येऊन जेवतात. शेवटचे पान उठते ते दोन वाजता. साडेतीनला चहा. साडेचारपासून संध्याकाळचा स्वयंपाक, कारण सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे आटोपली पाहिजेत. मध्ये उरते ती सव्वादोन ते तीन वाजून तीन मिनिटे एवढीच वेळ. तीन मिनिटांचा उल्लेख मुद्दाम केला. सामायिकाची वाळूची घडी वेगळी, तिला या कामासाठी मी कधी हात लावत नाही. पण अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे नेमकी किती, हे तिनेच माझ्या अंगवळणी पाडले आहे. घड्याळ न पाहताही कळते.

शेजारच्या मैत्रिणींना वाटते, की सात वाजता ओटा आवरला म्हणजे आमची संध्याकाळ सारी मोकळी. मोकळी असते हे खरे, पण ती रंगांच्या उपयोगाची नसते. पिवळ्या दिव्याखाली तांबडा आणि तपकिरी सारखेच दिसतात. एकदा रात्री मोठ्या समाधानाने तयार केलेला कुमैत घोडा सकाळी पाहिला तर पिकल्या टोमॅटोसारखा लाल होता. पांढऱ्या प्रकाशाचा दिवा आणून ती अडचण दूर झाली, तर दुसरी उभी राहिली. पावसाळ्यात दिव्यावर किडे झेपावतात आणि ओल्या रंगात नाही तर कुंचले धुण्याच्या पाण्यात पडतात. म्हणून चातुर्मासाचे चार महिने दिव्याखाली काम नाही. पर्युषणाचे आठ दिवस डबाच उघडायचा नाही. आश्विनात, म्हणजे किल्ल्यावर घोडे हवे असतात नेमक्या त्याच दिवसांत, घराची झाडलोट, फराळ, वहीपूजनाची तयारी आणि पाहुणे. सुईत दोरा ओवायलाही सवड नसते. तेव्हा दिवाळीचे घोडे आषाढ-श्रावणाच्या दुपारीच रंगवावे लागतात, आणि त्या दुपारी बाहेर आभाळ भरून आलेले असते.

अठ्ठेचाळीस मिनिटांतली वीस मिनिटे पूर्वी सामान मांडण्यात आणि आवरण्यात जात. त्यावर उपाय सापडला तो जुन्या मसाल्याच्या डब्यात. वाट्या काढून तळाशी ओला स्पंज अंथरायचा, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढायचे. ॲक्रिलिक रंग उघड्यावर पाच-दहा मिनिटांत सुकतात. या कागदावर ते कितीतरी वेळ ओले राहतात. दाराची घंटा वाजली, दूधवाला आला, दुकानातून कुणी सुट्ट्या पैशांसाठी वर आले, की झाकण लावायचे आणि उठायचे. हाच डबा दोन-तीन दिवस तसाच ठेवला तर रंग टिकतात, पण ओलीवर बुरशी धरते. म्हणून रोज संध्याकाळी स्पंज पिळून वाळत घालते. थोडा रंग वाया जातो, तो जाऊ देते.

दुसरी युक्ती पापड लाटणाऱ्या बायकांकडून घेतली. एक घोडा हातात घेऊन शेवटास नेण्याचा हट्ट सोडायचा. पाच घोडे बाटलीच्या पाच झाकणांवर चिकटवायचे आणि आज पाचही घोड्यांना फक्त अस्तर, उद्या पाचांना अंगरंग, परवा पाचांच्या आयाळी. रंग पातळ हवा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात बरे, नाहीतर साच्यात कोरलेले लगाम आणि रिकीब रंगाखाली बुजून जातात. काम असे तुकड्यांत वाटले म्हणजे मध्येच उठावे लागले तरी फारसे बिघडत नाही. अपवाद डोळ्यांचा. डोळा मोहरीएवढा असतो आणि तो एका दमात करावा लागतो. या डोळ्यांविषयी पुढे सांगायचे आहे.

कुंचल्यांविषयी आपल्या वाचकांना सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण मी स्वतः त्यात फसले. परदेशी असलेल्या भाच्याने एक उंची कुंचला भेट दिला होता. त्याचे टोक असे, की शेवटचा केससुद्धा हाताचे ऐकतो. दोन वर्षे वापरल्यावर कळले, की 'कोलिन्स्की' म्हणजे सायबेरियाकडील मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका लहान प्राण्याच्या शेपटीचे केस. राजस्थानातील जुनी लघुचित्रे खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढत, हे वाचलेले होते. तरी हातातल्या वस्तूकडे पाहण्याचे सुचले नव्हते. तेव्हापासून नायलॉनचेच कुंचले वापरते. चार-पाच घोड्यांत त्यांचे टोक आकड्यासारखे वळते. मग ते अस्तरासाठी ठेवायचे आणि डोळ्यांसाठी नवा काढायचा. काळ्या रंगाचेही तसेच. 'आयव्हरी ब्लॅक' नावाचा रंग आज हाडे जाळून केलेल्या कोळशाचा असतो आणि बाटलीवर 'पीबीके ९' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. 'पीबीके ७' हा काजळीचा. धान्याच्या पोत्यावरची खूण वाचणाऱ्या माणसांनी एवढे वाचायला हरकत नाही.

घोड्यांच्या रंगांना आपल्या भाषेत किती नावे आहेत, हे मला या उद्योगाने कळले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा अबलख. तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा आणि काळ्या पायांचा कुमैत. चारही पाय आणि कपाळ पांढरे असेल तर पंचकल्याणी. हा शब्द मी प्रथम उच्चारला तेव्हा सासूबाई पलीकडच्या खोलीतून उठून आल्या. त्यांना वाटले, कुठे पंचकल्याणक महोत्सव ठरला आणि आपल्याला आमंत्रण नाही. घोड्याचे नाव आहे हे कळल्यावर पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसल्या. "मग असा एक तरी असू दे," म्हणाल्या. तो अजून झालेला नाही. पांढऱ्याला तीन हात पुरत नाहीत.

"एका घोड्यामागे सुटतं किती?" हा प्रश्न धाकट्या दिरांनी केला. थट्टेने केला, तरी प्रश्न खरा होता. त्या वेळी उत्तर सुचले नाही. पुढे वाचनात आले, की जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे १८३९ साली अर्न्स्ट हाइनरिक्सेन यांनी कथिलाच्या चपट्या सैनिकांचा कारखाना काढला. ओतकाम कारखान्यात होई आणि रंगकाम घराघरांतून, बायका आणि मुले करीत. म्हणजे तेथे घोडदळ रंगविणे हेच घरकाम होते आणि त्याची मजुरी मिळत होती. लंडनमध्ये १८९३ साली विल्यम ब्रिटन यांनी आतून पोकळ शिशाचे सैनिक काढले आणि तो खेळ सामान्य घरांच्या आवाक्यात आला. त्यांच्या विक्रीतील पहिली पेटी घोडेस्वारांचीच होती. हे सारे मी दिरांना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, मग आपणही माल काढू." त्यांचा हेतू चांगला होता. पण शंभर घोड्यांची मागणी आली असती तर माझी दुपार दुकानाचीच झाली असती. मी नाही म्हटले. व्यापारी घरात सुटणाऱ्या पैशाला नाही म्हणणे किती जड जाते, हे वाचक जाणतात. आठवडाभर मला अपराधी वाटत राहिले.

शस्त्रांचा आक्षेपही आला, तो नात्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडून. आपल्या घरात भालाईत आणि तलवारी कशाला? श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते आणि मूर्तीच्या पायाशी त्यांचे नाव मराठीतही कोरलेले आहे, असे मी म्हटले. ते गृहस्थ म्हणाले, "पण मूर्तीच्या हातात शस्त्र नाही." त्यांचे म्हणणे मी खोडून काढले नाही. भाल्यांची टोके मात्र त्या दिवसापासून चकचकीत करणे सोडले आहे.

मुलाला झोपवताना मी त्याला घोडदळाची माहिती सांगत असे. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. मुलाने अंथरुणात गुणाकार केला : साडेबाराशे भरतात, मग हजारी का? सासरे शेजारी बसले होते. ते म्हणाले, "नाव हजाराचं आणि माल साडेबाराशेचा. असा व्यापारी भेटला तर सोडू नये." त्याच बखरीप्रमाणे दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे; एक पाणी देणारा, दुसरा नाल ठोकणारा. तेव्हापासून पंचवीस हाच आमचा आकडा ठरला.

आणखी एक भेद त्यात आहे, तो माझ्या मनात घर करून राहिला. ज्याचा घोडा सरकारी पागेतला तो बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. माझी दुपार बारगिराची आहे. ती घराची आहे. मला बसायला मिळते एवढेच, आणि हाक आली की उतरायचे असते. यात तक्रार नाही. बारगिरांनी मोठमोठ्या मोहिमा केल्या आहेत. तरी कधीकधी वाटते, की निदान एक घोडा आपल्या नावाचा असावा.

आता ती गोष्ट.

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. दुपारचे पावणेतीन झाले असतील. मी बाराव्या घोड्याचा उजवा डोळा संपवून डावा करायला घेतला होता. कुंचल्याच्या टोकावर नेमका हवा तेवढाच थेंब होता. पावसाची सर आली म्हणून सासूबाई गच्चीवरचे कपडे काढायला गेल्या होत्या. त्यांची हाक आली. मी ऐकली. हाकेत काही वेगळे होते, हेही माझ्या कानांना जाणवले. आणि मी उत्तर दिले, "आले हं, एकच मिनिट."

एक मिनिटच गेले असेल. डोळा पूर्ण झाला, चांगला झाला. जिना चढून वर गेले तर सासूबाई भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसल्या होत्या आणि डाव्या हाताने उजवे मनगट धरून होत्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला एवढेच विचारले, "गॅस बंद केलास ना?"

मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. त्या हाक मारण्याआधीच पडल्या होत्या, तेव्हा माझ्या त्या मिनिटाने हाड मोडले नाही, हे मला समजते. डॉक्टर म्हणाले, या वयात हाताच्या पंजावर पडले की असेच होते. नातेवाईक म्हणाले, खुब्याचे हाड वाचले हे नशीब. सगळ्यांनी माझ्या शुश्रूषेचे कौतुक केले. मला यायला किती वेळ लागला, असे कुणीही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. सासूबाईंना ते ठाऊक होते. "एकच मिनिट" हे शब्द त्यांनी ऐकले होते. यजमानांना हा लेख छापून आल्यावरच कळेल.

डबा माळ्यावर गेला. त्या वर्षी आणि पुढच्या होळीपर्यंत तो खाली आला नाही. स्वयंपाक, दुकानाची जेवणे, सासूबाईंचे न्हाणे-माखणे यांत दिवस भरून जात. वेळ मिळत नाही असे मी सांगत असे. सव्वादोन ते तीन मी रिकामी बसून राही.

प्लास्टर निघाले तेव्हा सासूबाईंची बोटे आखडली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कणकेचा गोळा दाबायला सांगितला. सासूबाईंनी साफ नकार दिला; अन्न खेळायला नसते. मग किल्ल्यासाठी आणलेली शाडूची माती उरली होती, ती भिजवून दिली. रोज दुपारी त्या माझ्या समोर बसून ती दाबत, चिमटीत घेत, वळत. पहिले काही दिवस नुसते गोळे. नंतर एके दिवशी त्यांनी विचारले, "तुझ्या त्या पंचविसांत पाणी देणारा कुठे आहे?" नातवाच्या गोष्टी त्या भिंतीपलीकडून ऐकत असत, हे मला माहीत नव्हते. पखालजी बाजारात कोरा मिळत नाही, असे मी म्हटले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आठवड्याने त्यांनी एक आकृती माझ्या पुढ्यात ठेवली. वाकलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर मोठा फुगीर भार. मी म्हटले, "बाई, पखालजी छान झालाय." त्या म्हणाल्या, "पखाल चामड्याची असते. ती आपण करायची नाही. हा हमाल आहे. पोतं आहे पाठीवर. घोड्यांना चंदी लागते ना? हरभरा आपल्या दुकानातून जाईल." आणि पुढे त्याच स्वरात, "माळ्यावरून तुझा डबा काढ. याला रंग कोण देणार?"

त्या मिनिटाविषयी आम्ही दोघी कधी बोललो नाही.

हमाल रंगवला तो मी सर्वांआधी. पोत्याच्या सुतळीचा रंग जमायला चार दुपारी लागल्या. घोड्याच्या अंगापेक्षा तो कठीण निघाला. तेव्हापासून माझा एक नियम आहे. हाक आली की कुंचला खाली ठेवायचा, मग डोळा अर्धा का असेना. त्यामुळे त्यानंतरच्या घोड्यांपैकी निम्म्यांचे डोळे लहानमोठे झाले आहेत. बाराव्या घोड्याचे दोन्ही डोळे सर्वांत सुरेख आहेत. तो मी मागच्या रांगेत उभा करते.

यंदा दोन घोडे राहिले आहेत. चोविसाव्याचा अंगरंग झाला आहे. पंचविसावा पंचकल्याणी करायचा, हे सासूबाईंनी ठरवले आहे. पांढऱ्याचे पाच हात द्यावे लागले तरी चालतील म्हणतात. दिवाळीपर्यंत होईल असे मला वाटत नाही.

गल्लीतील मुलांनी यंदा कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत सिंहगड करायचे ठरवले आहे. परवा चौघेजण वर आले आणि घोडे मागू लागले. विकत नव्हे, चार दिवसांसाठी. मी काही म्हणण्यापूर्वी सासूबाईंनी कपाटातून जुनी लाल वही काढली. आमच्या घरातून उसनवार काही जायचे तर नोंद होते, मग ती वाटीभर साखर का असेना. त्यांनी मुलांना समोर बसवले आणि लिहायला घेतले : तेवीस घोडे, एक हमाल, भाऊबीजेला परत. मुलांपैकी एकाने विचारले, "आजी, घोडे कोणाचे लिहिलेत?" सासूबाईंनी वही त्याच्याकडे वळवली. तेथे त्यांनी माझे नाव लिहिले होते. मोडलेल्या हाताचे अक्षर अजून थोडे हलते.